अण्णांचा उखाणा आणि आमचा सर्व्हर

वडवणीत स्वतःचा सर्व्हर असलेलं घर एकच, आणि ते आमचं. (या विधानाला आजवर कुणी आव्हान दिलेलं नाही. सर्व्हर म्हणजे काय, हेही कुणी विचारलेलं नाही.) मी इथल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. शाळेने भंगारात काढलेला एक डेस्कटॉप मी घरी आणला, त्यात घरातले झाडून सगळे फोटो-व्हिडिओ भरले आणि तो टीव्हीला जोडून दिला. इन्व्हर्टरचा पॉइंट फक्त पुढच्या खोलीत असल्यामुळे हे रत्न टीव्हीशेजारीच बसलं आणि रात्रंदिवस चालू राहिलं.

त्याला खोड एकच होती. तो ओरडायचा! आत तीन पंखे होते आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं. त्यात जुनी हार्डडिस्क मधूनच कटकट करायची. एकदा पाटोद्याचे व्याही आले, त्यांनी दारात चप्पल काढता काढता विचारलं, “काय पाव्हणं, गिरणी टाकली का काय?”

मी याकडे दुर्लक्ष करू शकलो असतो. वर्गात मुलांकडे करतोच की! पण मधे आईचा प्रश्न आला.

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, उभ्या आयुष्यात आईला नावाने हाक मारली नाही. “अगं ए” एवढ्यावर संसार पार पडला. फक्त एकदा, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीत लोकांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि उखाणा घेतल्याशिवाय सोडेनात. अण्णांनी उखाणा घेतला. आणि आई त्या वेळी कुठे? तर मागच्या खोलीत रुखवताची भांडी बांधत होती! नवऱ्याने जन्मात एकदा नाव घेतलं आणि ते सगळ्या पाटोद्याने ऐकलं, तिने सोडून. नंतर तिने चारचौघांना विचारलं, तर प्रत्येकाने वेगळाच उखाणा सांगितला. अण्णांना विचारलं, तर ते लाजून शेताकडे गेले. आता अण्णाही नाहीत. राहिला तो फक्त सर्व्हरमधला व्हिडिओ.

दुपारी जेवणं उरकली की आई तो व्हिडिओ टीव्हीवर लावायची. अण्णांचे ओठ हलताना दिसायचे. टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी ऐकू मात्र यायचा सर्व्हर.

“लई आवाज करतंय रे हे,” आई म्हणाली. “ते काय म्हनत्यात, कळंनाच. एकदा तरी ऐकू दे की मला.”

“मग तेवढा व्हिडिओ मोबाइलवर घ्या, आत्याबाईंच्या कानाला लावा,” आईला आत्याबाई म्हणणारी माझी बायको सुनीता भाजी निवडता निवडता म्हणाली. “झालं!”

तांत्रिक दृष्टी नसलेली माणसं असा विचार करतात. मी तिला समजावलं की दुखणं मुळापासून बरं करायचं असतं.

मुळापासून म्हणून मी आधी सर्व्हरला गोधडी गुंडाळली. आवाज बसला. थोड्या वेळाने सर्व्हरही बसला. गोधडी इतकी तापली की शेजारच्यांची मांजर त्यात येऊन झोपली आणि तिला उठवताना मी ओरबाडून घेतलं.

मग मी डबा उघडला. आत धूळ, कापसाचे पुंजके, उदबत्तीची राख आणि पालीच्या अंड्यांची टरफलं निघाली. सुनीता शेजारी उभी राहून म्हणाली, “ह्याच्यात आपले लग्नाचे फोटू ठेवलेत तुमी?” मी बीडला जाऊन मोठे, संथ फिरणारे पंखे आणले आणि अजिबात आवाज न करणारी नवी डिस्क आणली; जुनी मात्र तिच्यातलं सगळं नवीवर हलवेपर्यंत चिंध्यांत गुंडाळून आतच ठेवली. थरथर खाली फरशीत उतरू नये म्हणून पायांना रबर हवं होतं, ते न्हाणीतल्या चपला कापून लावलं. (त्या सुनीताच्या नव्या चपला होत्या, हे मला कापल्यावर सांगण्यात आलं. कापण्याआधी मी विचारलं नव्हतं, हेही सांगण्यात आलं.) रात्री डोळ्यांवर येतो म्हणून पुढचा निळा दिवासुद्धा काळ्या चिकटपट्टीने झाकून टाकला.

सर्व्हर चालू केला आणि खोलीत शांतता पसरली. इतकी, की भिंतीवरचं घड्याळ पहिल्यांदा ऐकू आलं. मला तर भरूनच आलं!

“उद्या दुपारी निवांत ऐक,” मी आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर आई टीव्हीकडे पाठ करून बसली होती. “न्हाई लागलं,” ती म्हणाली. “ते तुझं मशीन बंदच हाय.”

बघतो तर खरंच बंद. मी बटण दाबलं, चालू झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत तेच. मी निदान केलं: पॉवर सप्लाय गेला. बीडहून नवा आणला. त्याने उरलासुरला गुणगुणाटही गेला, एकदम मौनव्रत. दुपारी सर्व्हर बंद! मग मी प्रोसेसरचा पंखा बदलला, आतून फोम लावला, इन्व्हर्टरवाल्याशी फोनवर भांडलो. मी एकेक सुटा भाग बदलत गेलो, तसतसा तो जास्त शांत होत गेला आणि जास्त नेमाने बंद पडू लागला. वर संध्याकाळी मी घरात असलो की मात्र शहाण्यासारखा चाले, पण तोवर आईचं मन उडालेलं असे. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणायची. “त्यांनी तवाबी मला ऐकू दिलं न्हाई.”

शेवटी रजा टाकून घरीच बसलो. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर हलवायला लावलं आणि पहारा देत खुर्चीत बसलो. दुपारी आई आली. सर्व्हरजवळ वाकली. कान लावला. “बंद पडलं बाई परत,” असं पुटपुटत तिने शांतपणे बटण दाबलं.

सर्व्हर बंद झाला.

“आई! हे काय केलंस?”

“चालू केलं.”

“अगं, चालूच होतं!”

“मग आवाज कावून येत नव्हता? तूच शिकिवलंय मला. लाइट लई वेळ गेली की मशीन बंद पडतंय. आवाज येत असंल तर चालू, न्हाई आला तर बंद, मग बटन दाबायचं. म्या रोज दाबते.”

हे खरं होतं. वर्गात मुलं माझं काही लक्षात ठेवत नाहीत, आणि घरात जिने एकच धडा घेतला, तिने तो तंतोतंत पाळला होता!

पण तेव्हा मला हे सुचत नव्हतं, कारण व्हिडिओ हलवता हलवता मधेच वीज तोडली गेली होती. सर्व्हर परत चालू करून पाहिला, तर नव्या डिस्कवर अण्णांचा पत्ता नव्हता. मी घाईघाईने जुनी डिस्क उघडली... व्हिडिओ तिथे होता. अजून हललाच नव्हता. मी इतका मोठा श्वास सोडला की सुनीता स्वयंपाकघरातून पळत आली.

तिघंही टीव्हीसमोर बसलो. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पंगत दिसली, अण्णांचा धरलेला हात दिसला. आणि अण्णा बोलले,

“पत्रावळीवर बुंदी वाढली, बुंदीवर भात, कौसल्याचं नाव घेतो...”

आईने पदर तोंडाला लावला. आपलं नाव त्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेवढ्यात व्हिडिओत एक माणूस गाढवासारखा ओरडला, “ओ अण्णा, इकडं! इकडं मोबाइलमध्ये बघा! अण्णाऽऽ! जोरात बोला, ऐकू येईना!”

उखाण्याचा शेवट त्यात गेला. पंगतीचा फक्त हशा ऐकू आला.

“कोन हाय हे येडं?” आईने विचारलं.

“शूटिंग कुणी केलतं?” सुनीताने शांतपणे विचारलं.

मी केलं होतं.

त्यानंतर मी हार मानली नाही. व्हिडिओतला नको तो आवाज पुसणारा एक प्रोग्रॅम शोधून काढला आणि आईसमोरच तो चालवला. पण माझा आवाज काढला की अण्णांचाही जायचा. अण्णांचा आणला की मीही परत हजर! प्रोग्रॅमच्या मते उखाणा घेणारा आणि मधे बोंबलणारा, हा एकच माणूस होता.

मी हे आईला समजावून सांगितलं. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

“आवाज त्यांचाच घेतलास बाबा,” ती म्हणाली. “गप बसायचं तेवढं घ्यायचं ऱ्हायलं.”