क्लबचे हात

आमच्या पोहण्याच्या क्लबचा तलाव पाण्याअभावी कधीच बंद पडला. आता क्लब म्हणजे आम्ही चार-पाच पन्नाशीतले गडी. तापीत कुणी बुडालं की पोलीस आम्हालाच फोन करतात. आम्ही गळ टाकतो, बुड्या मारतो, प्रेत काठावर आणून ठेवतो. पुलावर माणसं मोबाईल धरून उभी असतात.

उन्हाळ्यात मी गल्लीत सांगितलं, केळीच्या मळ्यातल्या विहिरीवर पोरांना फुकट पोहायला शिकवतो. कुणी फिरकलं नाही. शेजारच्या अक्का तोंडावर म्हणाल्या, "भाऊ, तुमना हात मढास्ले लागेल शेतस. नातूले कसं धाडू?" मढ्यांना लागलेल्या हातांत त्या नातवाला सोपवणार नव्हत्या.

पोळ्याला बैल धुताना त्यांचा नातू तापीत बुडून गेला. आम्हीच त्याला वर आणलं. त्या दिवशी मात्र माझ्या हातांना कुणी नावं ठेवली नाहीत.