जिनातलं लेकरू

अमरावतीच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायचो आणि सुट्टी लागली की अकोल्याच्या जिनांमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांत, मजुरांना अपघात का होतात ते बघत हिंडायचो. चांदूर बाजारकडे आमचा भाजीचा मळा. घरच्यांना माझा हा उद्योग म्हणजे शुद्ध रिकामटेकडेपणा वाटे. मला मात्र त्याचा भारी अभिमान होता.

एका जिनात यंत्रावर कापूस घालणाऱ्या बायका तान्ही लेकरं सोबत आणत. सकाळी अफूचा कण चाटवायचा, रुईच्या ढिगाऱ्यावर निजवायचं आणि दुपारचा भोंगा झाला की उठवून पाजायचं. मलाही आईने मळ्याच्या बांधावर असंच निजवलेलं, त्यामुळे अफूचं मला नवल नव्हतं. पण यंत्राचा पट्टा त्या ढिगाऱ्याच्या अगदी जवळून फिरत होता, आणि कडेच्या बाईची नजर सारखी कामावरून लेकराकडे वळत होती. तिची बोटं यंत्रात जायला वेळ लागणार नव्हता. मी तडक मॅनेजरला गाठलं आणि चांगलं झाडलं, की लेकरं आत येऊच देऊ नका. त्याने ऐकलं. ऐकणारे मॅनेजर विरळाच, म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ती बाई लेकरू कडेवर घेऊन फाटकाशी उभी.

"साहेब, आता याले ठेवू कोनापाशी?"

"घरी असेल की कोणीतरी," असं म्हणून मी आत गेलो. मला कामाची घाई होती.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा गेलो तेव्हा ती यंत्रावर होती. नजर एकदाही हलत नव्हती. मला आनंदच झाला. जेवणाच्या सुट्टीत मी आपण होऊन विचारलं, लेकरू कसं आहे?

"घरी हाये. मोठी पोरगी पाहते त्याले. पन पोरगीबी लहानच हाये ना, याचं रडनं आवरत नाही तिच्यानं. मंग मी अफू जराशी जास्त देतो. संध्याकाळलोक उठतच नाही." माझा चेहरा बघून ती थांबली. "काहून साहेब? तुमीच तं म्हनलं, घरी ठेव."

मला तिच्यासमोर उभं राहवेना. मॅनेजरकडे जाऊन म्हटलं, लेकरांसाठी बाजूला एखादी खोली द्या, सांभाळायला एक म्हातारी ठेवा.

"प्रोफेसरसाहेब, तुमच्याच सांगण्यावरून लेकरं बंद केली. बाया आता मन लावून काम करून राहिल्या. खोली कायले पाहिजे?" तो म्हणाला. मी थोडा वेळ वाद घातला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. गाडीला अजून बराच अवकाश होता.

त्या जिनात मी परत गेलो नाही. लेकराचं काय झालं ते मला ठाऊक नाही. माझं नाव मात्र त्याच कामामुळे झालं.

सुट्टीनंतर वर्गात मी त्या जिनाचं उदाहरण दिलं. लक्ष उडवणारी गोष्ट दूर केली की मजुराचे हात वाचतात, असं सांगितलं. तिथे ती गोष्ट कोणती होती, असं एकाने विचारलं.

"आवाज," मी म्हणालो.