पानांवरचा फोटो
फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास आला की मंठ्यातलं ते दुकान आठवतं, जिथं मी उस्तादांच्या हाताखाली डिझाइन शिकत होतो. एका बियाणे कंपनीचा लोगो, पिशवी, लेटरहेड असं सगळं एकसारखं दिसेल असं करायचं पहिलंच काम मिळालं होतं. महिनाभर खपून मी सरकीतून उगवणारी दोन पानं काढली, रंग एकच, हिरवा. कंपनीच्या मालकांनी नमुन्याची पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, “सगळं बराबर हाय, पण माझा फोटो कुठंय? लोक चेहरा बघून बियाणं घेतेत.” उस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले, “टाक मंग.” मी पानांवरच मालकांचा फेटा बांधलेला फोटो बसवला. डिझाइनच्या त्या फाइलमध्ये पानं अजून त्यांच्या फेट्याखाली झाकलेली आहेत. आता माझ्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी फोटोच मागतो.