यंत्राच्या कपाळाचं कुंकू

यंत्राला दया येते की नाही, हा प्रश्न आमच्या घरात गेल्या आंब्याच्या हंगामात कायमचा निकालात निघाला. येते. माझ्या थोरल्या भावाने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

जयगडच्या रस्त्याला आमची हापूसची बाग आहे. मी माहेरी गेले तेव्हा बागेत खांबावर एक यंत्र बसवलेलं होतं. त्याला एक कॅमेरा, एक भोंगा आणि म्हणे स्वतःची बुद्धी. वानर दिसलं की कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, काय वाट्टेल ते आवाज काढायचं. माणूस दिसला तर गप्प. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दादा बुद्धी या विषयावर फार बोलतो; त्याला अखेर तोलामोलाचा सोबती मिळाला.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. दादाने जागेवाल्याला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, नारळ दिला आणि ‘ह्या यंत्राला सांभाळून घे’ असं गाऱ्हाणं घातलं. वहिनीने स्टुलावर चढून यंत्राला ठसठशीत हळदकुंकू लावलं. मग दादाने बागेच्या नेपाळी राखणदाराला सांगितलं, “शनिवारपर्यंत खोपी खाली कर.” तो बायको आणि लहान मुलीसह बागेतल्या त्या झोपडीतच राहायचा आणि गलोलीने वानरं हाकायचा.

दुसऱ्या दिवशी एक वानरीण पोटाशी पिल्लू धरून यंत्रासमोरच्या कलमावर निवांत आंबे खात बसली. यंत्र गप्प. दादा धावत घरी आला, डोळ्यांत पाणी. “अगं, आई आहे हे ओळखलं त्याने! चैतन्य म्हणतात ते हेच!”

झालं, माणसं बघायला यायला लागली. कोणीतरी उदबत्ती लावली. शेजारचे म्हातारबा हात जोडून म्हणाले, “आवो, हितं मान्साला येत नाय, नि यंत्राला दया आली!” दादाने मान डोलावली आणि दगडापासून माणसापर्यंत चैतन्य कसं चढत जातं ते समजावायला घेतलं. वहिनी चहावर चहा करत होती.

त्या गर्दीतच राखणदाराची बायको मुलीला खांद्याशी धरून आली. “साहेब, पोरीला ताप आहे. उतरला की जातो आम्ही.”

“शनिवार म्हणजे शनिवार,” दादा म्हणाला आणि पुन्हा वानरिणीच्या मातृत्वाकडे वळला.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “दादा, हिचं काय करायचं ते यंत्रालाच विचार ना!”

“तुला विज्ञान कळत नाही,” तो म्हणाला.

शनिवारी सकाळी कंपनीचा माणूस तपासणीला आला. दादाने त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने स्टूल मागितलं, वर चढून खिशातल्या रुमालाने कॅमेऱ्याची काच पुसली. रुमाल लालभडक.

“काका, ह्याला दिसतच नव्हतं.”

वहिनीने कपाळ समजून त्याच्या डोळ्यातच कुंकू भरलं होतं. दादाचा चेहरा पार उतरला. तरी त्याने विचारलंच, “पण पुढच्या मॉडेलमध्ये दया येईल ना?”

“हे समोर जे बघतं त्यावरून शिकत जातं, काका.”

यंत्राच्या समोर दादा उभा होता. त्याच्यामागे खोपीच्या दारात ती बाई बोचकं बांधत होती, आणि मुलगी ओल्या फडक्याखाली कण्हत होती.

तो माणूस गेला, दादा आंघोळीला गेला. मी देवघरातला कुंकवाचा करंडा उचलला, स्टुलावर चढले आणि काच दिसेनाशी होईपर्यंत कुंकू थापलं. दादाकडे बघून ते यंत्र काय काय शिकलं असतं, कोण जाणे.

दुपारी वानरांची अख्खी टोळी कलमांवर उतरली. यंत्राला दयेचा नुसता उमाळा आलेला. दादा खांबाखाली उभा राहून “अरे, ओरड की मेल्या!” म्हणून त्याला चापट्या मारत होता. आंबे पटापट पडायला लागले तसा तो खोपीकडे धावला आणि राखणदाराला हाका मारू लागला. राखणदार गलोल घेऊन निघाला. त्याच्या बायकोने दादाकडे एकदा पाहिलं, बोचक्यातली चादर ओढून काढली आणि मुलीला परत निजवलं.

संध्याकाळी वहिनीने अर्धा झालेला करंडा पाहिला, मग माझी लाल बोटं पाहिली. हंगाम संपेपर्यंत रोज सकाळी ती न चुकता करंडा घेऊन स्टुलावर चढत होती.