फळ्यावर चार मीटर कोणी लिहिलं?

माझ्या टीममधली मुलं "आपोआप झालं" म्हणाली की मी त्यांना परत पाठवते. कम्प्युटरमध्ये आपोआप काही होत नाही; कोणीतरी लिहितं तेव्हाच आकडा बदलतो. वीस वर्षं हेच काम करतेय, आणि भुताखेतांच्या गोष्टींना मला कधी वेळ नव्हता. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली.

गोंडपिपरी तालुक्यातलं एक गाव. बाहेर नाल्यावर रपटा, म्हणजे पाणी वाढलं की बुडणारा ठेंगणा पूल; पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. वरच्या अंगाला सहा-सात किलोमीटरवर पाण्याची उंची मोजणारं यंत्र आहे. ते रेडिओवरून आकडा पाठवतं रपट्याजवळच्या खोलीतल्या कम्प्युटरला. तिथे माझे दोन प्रोग्रॅम. एक तो आकडा शेअर्ड मेमरीत लिहितो. दुसरा तिथूनच वाचून स्क्रीनवर दाखवतो आणि तीन मीटरच्या वर गेला की भोंगा वाजवतो. ग्रामपंचायतीचा फळा समजा – एकजण लिहून जातो, दुसरा येऊन वाचतो. दुसऱ्याला खडूला हात लावायचीही परवानगी नाही.

जुलैतली सकाळ, साडेदहा. लख्ख ऊन. अपडेट टाकायचं म्हणून लिहिणारा प्रोग्रॅम मी पाऊण तासापूर्वी बंद केला होता. स्क्रीनवर १.१२. तेवढ्यात रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांना घेऊन ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्या मारोतीभाऊंनी बसल्या जागेवरून विचारलं, "मॅडम, जाऊ का?"

मी स्क्रीनकडे बघितलं. "जा."

लिहिणारा उठून गेला तरी फळ्यावरचं पुसलं जात नाही. तो आकडा शिळा होता... मीच प्रोग्रॅम बंद केलेला, आणि माझ्याच लक्षात आलं नाही. शिकाऊ मुलांची चूक.

ट्रॅक्टर रपट्याच्या तोंडाशी पोचला आणि माझ्या डोळ्यांसमोर १.१२ चे ४.०० झाले. भोंगा सुरू. मारोतीभाऊंनी ब्रेक मारला.

"काऊन बोंबलून राह्यला हा?" ट्रॉलीतून शेवंताबाई ओरडल्या. "पानी तं घुटन्याच्या खाली हाये!"

"बंद करा जी मॅडम, उशीर होऊन राह्यला," मारोतीभाऊ म्हणाले.

"का तुमची मशीन येते रोवणा लावाले?" शेवंताबाईंनी टोला हाणला. सगळी ट्रॉली हसली.

मी चालू प्रोग्रॅमची यादी बघितली. लिहिणारा बंदच होता. म्हणजे हा आकडा यंत्राकडून आलेलाच नव्हता, खोटा होता. भोंगा थांबवून त्यांना सोडणं हेच बरोबर. हात बटणापर्यंत गेलाही. पण कोणी लिहिलं हे कळल्याशिवाय मला ते दाबवेना.

"दहा मिनिटं थांबा," मी म्हणाले.

"बसा वं बायांनो," शेवंताबाई म्हणाल्या. "मॅडमले भोंग्याचं गाणं आयकाचं हाये."

सात-आठ मिनिटांत नाल्याचा आवाज बदलला. मग लाल पाणी आलं, त्यात एक आडवं झाड, आणि रपटा दिसेनासा झाला. ट्रॉलीत एकोणीस बाया होत्या.

नंतर सगळं तपासलं. तिसरा प्रोग्रॅम नव्हता. वाचणाऱ्याला लिहिता येत नाही. खोलीत मी एकटी. मेमरी बिघडली म्हणावं तर आठवडाभर चाचण्या केल्या – एक चूक सापडली नाही. आता प्रत्येक आकड्यासोबत वेळही लिहिली जाते. आकडा शिळा झाला की स्क्रीन कोरी.

शेवंताबाई नवा तांदूळ निघाला की पाठवतात, "मशीनसाठी". पहिल्या खेपेलाच मी फोन करून खरं सांगितलं – मशीन बंद होती बाई, आणि मी तुम्हाला 'जा' म्हणाले होते.

त्या म्हणाल्या, "आन् थांबा कोन म्हनलं? तुमीच ना?"

तेही मीच. पण ते चार मीटर कोणी लिहिले, मला आजही माहीत नाही.