आधी मोठी माणसं

"तू थांब गं. आधी मोठी माणसं."

भर चर्चमध्ये भाऊसाहेब हे माझ्या आईला म्हणाले आणि तिच्या ओठांपर्यंत आलेला प्रभुभोजनाचा प्याला त्यांनी मागे घेतला. माझगावच्या आमच्या मंडळीत सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस प्यायची रीत. भाऊसाहेब मंडळीतले वडीलधारे. आपले पणजोबा ब्राह्मण होते, हे दर नाताळात सांगायचे. आई चर्च झाडायची. तोच चांदीचा प्याला दर शनिवारी रांगोळीनं घासायची. तिचे हात चालायचे, ओठ चालत नव्हते. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं आमची जात काही धुतली गेली नव्हती.

मी दहा वर्षांची. पाळकसाहेबांकडे बघितलं. ते पुस्तकाची पानं उलटत बसले. आई सगळ्यांच्या शेवटी प्यायली. घरी आल्यावर म्हणाली, "देवाला काय फरक पडतो?" मला पडला. जीव जळला माझा.

मग मी शास्त्राच्या मागेच लागले. ग्रीक शिकले, डॉक्टरेट केली, पाळकपणाची दीक्षा घेतली. आज दादरला, पाळक होऊ पाहणाऱ्यांना शास्त्र शिकवते. नायगावची मैत्रीण म्हणते, "फेकून दे ना ते बायबल!" का फेकू? त्यातला शब्द न् शब्द देवाचा, असं मी मानते. भाऊसाहेबांच्या बापाचा नाही. प्रभूच्या मेजावर गरिबाला लाजवणाऱ्यांना प्रेषितानं त्यात चांगलं झापलंय. ते पान या लोकांनी कधी उघडलंच नाही.

गेल्या महिन्यात त्याच चर्चनं मला उपदेशाला आणि प्रभुभोजन द्यायला बोलावलं. भाऊसाहेब पहिल्या बाकावर, आता हातात काठी. आई शेवटच्या. मी तेच पान वाचलं. मग त्या दिवशीच्या प्याल्याची गोष्ट, भाऊसाहेबांचं नाव घेऊन सांगितली.

"नाटकं पुरे," भाऊसाहेब म्हणाले. "भोजन सुरू करा."

मी प्याला उचलला आणि पहिला बाक सोडून सरळ आईपाशी गेले.

आईनं तोंडाला पदर लावला. "नको गं. आधी मोठी माणसं."

पुढून कुणीतरी हसलं. भाऊसाहेबच.

मेले मी तिथे. त्यांनी एकदाच प्याला मागे घेतला होता. आता माझी आई तो स्वतःच मागे सारत होती.

मी प्याला मेजावर नेऊन झाकला. "आज कुणालाच नाही," म्हटलं. निम्मी मंडळी उठून गेली. परवा चर्चची चिठ्ठी आली: माफी मागा, नाहीतर उपदेशाचं पुलपीट तुम्हाला बंद. करा बंद! आई पहिली पिईल, मगच माझ्या हातून दुसऱ्याला प्याला मिळेल. भाऊसाहेब मरणाला टेकले आणि घोटभर मागितला, तरी आधी आई.