अखिल भारतीय खुर्ची

भारतात साहित्याचे पुरस्कार पुष्कळ आहेत, पण लेखकाच्या पायांची काळजी करणारा एकच, आणि तो पाटोद्याला आमच्या दाजींच्या मंडपाच्या गोदामात जन्मला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्न असो की सभा, तालुक्यात कुणी बसलेले दिसले की ते दाजींच्याच खुर्चीवर. पंगतीला गेले तरी आधी खुर्चीचा पाय तपासतील, मग भाताकडे बघतील. ताई म्हणते, "मला बघाया आलते तवा बी आधी आमची बाज हलवून बघितली ह्यांनी."

पुरस्काराचे मूळही खुर्चीतच आहे. एकदा एका लेखकाचा सत्कार होता. पुढारी आले, त्यांच्यामागून कार्यकर्ते आले, स्टेजवरच्या सगळ्या खुर्च्या भरल्या आणि सत्कारमूर्ती गळ्यात हार घालून शेवटपर्यंत उभे. कुणालाच काही वाटले नाही. दाजींना मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. "खुर्च्या माझ्या, अन् ज्याच्यासाठी मांडल्या त्योच उभा? इज्जत माझी गेली की!" झाले, पुरस्कार सुरू. रोख रक्कम नाही, शाल नाही; पाठीवर लेखकाचे नाव रंगवलेली एक दणकट खुर्ची, एसटीने रवाना. उद्देश एवढाच की लिहिणाऱ्याला बसायला मिळावे. मी विचारले, "पण अखिल भारतीय कशाला?" तर म्हणाले, "तालुक्यापुरता ठिवला तर समदे वळखीचे येतेत मागाया." बडोद्याच्या एका लेखकाने कळवले, खुर्ची पोचली, पुरस्कार कधी पाठवता? दाजी आठवडाभर घुश्शात होते.

निवडसमिती म्हणजे गोदामासमोर भरणारा आठवडी बाजार. भाड्याने द्यायचा कर्णा तपासताना दाजी "हॅलो, हॅलो" म्हणत नाहीत, आपल्या भरदार आवाजात पुस्तक वाचतात. ऐकता ऐकता एखाद्या भाजीवालीचा हात थांबला, की पुस्तक पास. मी मास्तर, थोडाफार लिहिणारा. ती खुर्ची मला हवी होती. अंगणात कुठे ठेवायची तेही ठरवून ठेवले होते. दाजींनी माझ्या कथा वाचल्या, तर बाजारात वांग्याचे भाव उलट जास्तच जोरात ओरडले जाऊ लागले. मी रुसलो. ते म्हणाले, "पावणं, मेव्हण्याला उगंच खुर्ची दिली तर माझ्यात अन् पुढाऱ्यात फरक काय राहिला?"

यंदा दाजींच्या घशाचे ऑपरेशन झाले. आता ते कुजबुजल्यासारखे बोलतात. बाजाराच्या दिवशी त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि सोबत कुणा नव्या लेखिकेचे पुस्तक. मनातून जळफळतच मी वाचू लागलो, पण चांगल्या पुस्तकापुढे मत्सर फार वेळ टिकत नाही. मान वर केली, तर कोथिंबीरवाल्या मावशीच्या हातात जुडी तशीच राहिलेली आणि गिऱ्हाईकही गप्प. पुरस्कार ठरला होता आणि तो माझा नव्हता.

तेवढ्यात दाजी धापा टाकत एक खुर्ची घेऊन आले. माझ्यामागे ठेवली, हलवून पाहिली. पाठीवर नाव नव्हते. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वाचणाऱ्यानं तरी काहून उभं राहावं? बसा. पण सांजच्याला परत द्या, उद्या लग्न हाय."

मी बसलो. दाजींचा तो जुना आवाज आठवला आणि मला रडू आले. बाहीने डोळे पुसून मी पुढचे पान उलटले. मावशी अजून जुडी हातात धरून थांबली होती.